लेगो ट्रेन: आयसीएफचे डबे वळणावर पडतात, मोठा कर्व्ह घेऊ की डबे छोटे करू?

तापीकाठ_जळगाव:

नमस्कार मंडळी, जळगावहून लिहितोय. लेगो ट्रेनचं खूळ लागलंय बऱ्याच दिवसांपासून. पोरासाठी सिटीवाला पॅसेंजर सेट आणला होता, त्याचं मन भरलं आणि गाडी माझ्याकडे आली, आणि मग ती युरोपातली गाडी फिरवून फिरवून वाटायला लागलं की आपल्या स्टेशनावरून दिवसभर इतक्या गाड्या धडधडत जातात तर घरात आपली गाडी का नको. म्हणून डब्ल्यूएपी-४ हे पॅसेंजर गाड्यांचं विजेचं इंजिन बनवलं आणि मागे निळे आयसीएफ डबे (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या डिझाइनचे जुने डबे) पाच. डिझाइन ब्रिकलिंकच्या स्टुडिओत केलं (फुकट सॉफ्टवेअर आहे, कोणी अजून वापरलं नसेल तर जरूर बघा), सुटे ब्रिक थोडे थोडे करून मागवले. निळा रंग दोन दुकानांचा आहे म्हणून दोन डबे जरा फिके दिसतात, पण खऱ्या गाडीत तरी कुठं सगळे डबे एका रंगाचे असतात.

डबा ८ स्टड रुंद, ५२ स्टड लांब (स्टड म्हणजे ब्रिकवरचा गोल उंचवटा, लेगोत मोजायचं तेच माप), बोगीचे, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या गाडीचे, पिव्हट (ती ज्यावर वळते तो खिळा) ३८ स्टडच्या अंतरावर. ट्रॅक सगळा लेगोचाच, म्हणजे वळणं आर४० (आर म्हणजे त्रिज्या, स्टडमध्ये). जागा म्हणाल तर हॉलमधला दिवाण सरकवला की ८ बाय ६ फूट मिळते, त्यापेक्षा जास्त मागितली तर मलाच बाहेर झोपावं लागेल.

आता दुखणं सांगतो. सरळ ट्रॅकवर गाडी काय सुंदर दिसते, व्हिडिओ काढून स्टेटसला टाकला तर मित्राला वाटलं एडिट केलाय. पण वळण सुरू झालं की दुसरा नाहीतर तिसरा डबा खाली उतरतो, दरवेळी जवळपास त्याच जागी, सरळ ट्रॅक संपून कर्व्ह लागतो तिथं. आतल्या बाजूला प्लॅटफॉर्म केलाय त्याला डब्याचं पोट घासतं ते वेगळंच. आणि पाचही डबे लावले तर इंजिनाची चाकं जागेवरच फिरतात, गाडी हलत नाही, बोटाने ढकलली की मग निघते. लेगोचं पॉवर्ड अपचं हब (मोटर चालवणारा सेलवाला ठोकळा) आहे आणि एक ट्रेन मोटर.

आर१०४ सारखे मोठे कर्व्ह बाहेरून मागवू का? का डबेच तोडून परत बांधू? पैसे घालायच्या आधी विचारून घेतो म्हटलं.


पीवेकाका_भुसावळ:

भाऊ, मी रेल्वेत पी-वेला, म्हणजे रूळ सांभाळणाऱ्या खात्यात होतो, आता रिटायर्ड. घरात लेगो आहे तो नातवाचा, पण कर्व्ह हा विषय माझाच, त्यामुळे लिहायला बसलो, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे तुमची गाडी पडते यात नवल नाही, पाच डबे घेऊन ती सरळवर तरी चालते याचंच नवल. लेगोच्या दोन रुळांमधलं अंतर आतून आतून साधारण साडेसदतीस मिलिमीटर भरतं. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. भागून बघा, १:४५ येतं. मजा अशी की युरोपातल्या १४३५ च्या गेजला हेच प्रमाण १:३८ येतं, म्हणजे डेन्मार्कचं खेळणं असूनही १:४५ च्या हिशोबाने ते आपल्या गाडीला चपखल बसतं, आणि त्यातली ४ सेंटीमीटरची बाहुली बरोबर १ मीटर ८० ची होते. (तब्येतीने जाड होते ती गोष्ट सोडा.)

आता कर्व्हचं बघा. आर४० म्हणजे ४० स्टड त्रिज्या, एक स्टड ८ मिलिमीटर, म्हणजे ३२ सेंटीमीटर. ते ४५ ने वाढवलं तर खऱ्या जगात साडेचौदा मीटर त्रिज्येचं वळण झालं. आमच्याकडे ब्रॉडगेजला जास्तीत जास्त १० डिग्रीचा कर्व्ह चालतो, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या, त्याच्या खाली परवानगीच नाही. अगदी नॅरोगेजलासुद्धा मर्यादा ४० डिग्री, म्हणजे ४४ मीटरच्या आसपास. तुम्ही ज्या आर१०४ ची गोष्ट करताय ते धरलं तरी साडेसदतीस मीटरच होतं. खरा १७५ मीटरचा कर्व्ह घरात टाकायचा तर पावणेआठ मीटर व्यासाचा हॉल लागेल, आणि तेवढा हॉल असलेला माणूस लेगो खेळत नाही, लग्नाला भाड्याने देतो.

तर वळणाशी भांडून उपयोग नाही, डबा त्याच्यात बसवावा लागतो. हिशोब सोपा आहे, आम्ही ज्याला व्हर्साईन म्हणायचो तोच. पिव्हटमधलं अंतर गुणिले तेच अंतर, भागिले ८ पट त्रिज्या. तुमचं ३८ गुणिले ३८ म्हणजे १४४४, भागिले ३२०, साडेचार स्टड. म्हणजे डब्याचं पोट मधल्या रेषेपासून साडेचार स्टड आत जातं, त्यात डब्याची अर्धी रुंदी ४ मिळवा, साडेआठ. ट्रॅकचा स्लीपर मधल्या रेषेपासून ४ स्टडवरच संपतो. प्लॅटफॉर्म घासणारच. खऱ्या आयसीएफचे पिव्हट १४.७८३ मीटरवर असतात, हुबेहूब केला असता तर सव्वापाच स्टड आत आला असता, तुम्ही निदान थोडं कमी केलंय.

पण गाडी पडते ती पोटामुळे नाही. पडते टोकामुळे. डब्याचं टोक वळणावर बाहेर फेकलं जातं, तुमच्या मापाने जवळपास ४ स्टड. आता एक डबा वळणात शिरलाय आणि मागचा अजून सरळवर आहे, तर एकाचं टोक ३ सेंटीमीटर बाहेर आणि दुसऱ्याचं मधोमध, आणि दोघांना मॅग्नेटने धरून ठेवलंय. हलक्या डब्याला आडवा ओढला की तो उतरणारच. खऱ्या लाईनीत सरळ आणि कर्व्हच्या मध्ये ट्रान्झिशन असतं, वळण हळूहळू वाढत जातं. लेगोत ते नाही, सरळ संपलं की एकदम आर४०. म्हणून तुमची गाडी दरवेळी त्याच जागी पडते.

एक सांगा, मॅग्नेट डब्याच्या बॉडीला लावलाय का बोगीला?


तापीकाठ_जळगाव:

काका, बॉडीला. दिसायला चांगलं दिसतं म्हणून. पण हे असं कोणी आजपर्यंत समजावलं नव्हतं, व्हिडिओवाले सगळे फक्त मोठा कर्व्ह घ्या म्हणतात.


पीवेकाका_भुसावळ:

बोगीला लावा. बोगी रुळावरच राहते, तिच्यातून पुढे काढलेला मॅग्नेट जास्त बाहेर जात नाही. लेगोच्या आपल्या सेटमध्ये तसाच असतो बघा, उगाच नाही. फक्त बोगीपासून मॅग्नेटपर्यंतचा दांडा कमी ठेवा, तुमचा डबा पिव्हटच्या पुढे ७ स्टड आहे तेवढा दांडा काढलात तर तोही झोकांड्या खाईल. आणि एस कर्व्ह असेल कुठे, म्हणजे डावं संपून लगेच उजवं, तर मध्ये एकतरी सरळ तुकडा टाकाच.


दीपनगर_बॉक्सएन:

काकांना नमस्कार. भाऊ मी सरळ सांगतो, पॅसेंजर सोड आणि मालगाडी बनव. नाराज नको होऊ भो, ऐक तरी.

आमच्या घरासमोरून दीपनगरच्या पॉवर स्टेशनला कोळशाचे रेक जातात, लहानपणापासून तेच बघतोय. बॉक्सएन, म्हणजे वरून उघड्या कोळशाच्या वाघिणीचं माप माहितेय का, कपलरपासून कपलरपर्यंत १०.७१३ मीटर, आणि बोगी सेंटर ६.५२४ मीटर. काकांच्या १:४५ ने काढ, ३० स्टड लांब आणि पिव्हट १८ स्टडवर. आता काकांचाच हिशोब लाव, १८ गुणिले १८, ३२४ भागिले ३२०, एकच स्टड! टोक पण दोनच्या आत. म्हणजे लांबीत एक पैसाही खोटं न करता, खऱ्या मापाची वाघीण, लेगोच्या साध्या आर४० वर फिरते. पॅसेंजरमध्ये तुला कायम काहीतरी कापावं लागेल, मालगाडीत नाही.

माझी वाघीण कशी आहे सांगतो. रंग लेगोचा रेडिश ब्राऊन, खरी वाघीण नवीन असताना जो असतो त्याच्या जवळ जातो. बाजूला उभ्या पट्ट्या असतात ना, त्यासाठी १ बाय १ च्या टाईल (वर स्टड नसलेले चपटे तुकडे) उभ्या बाजूला लावल्यात, प्रत्येक तीन स्टडला एक. दाराच्या जागी ग्रिल टाईल. आणि आत कोळसा म्हणजे काळ्या १ बाय १ च्या गोल प्लेट, सुट्या ओतलेल्या, त्यात थोड्या गडद करड्या मिसळल्या की मग खरा कोळसा वाटतो, नुसता काळा ओतला तर काळे मणी वाटतात. पण वाघीण तळापासून भरू नको, वजन भलतंच होतं. वरून दोन प्लेट खाली खोटा तळ टाकायचा, आत पोकळ, वर कोळशाचा एक थर.

तिरपं बघितलं की ढीग मधोमध उंच आणि कडेला खाली पाहिजे, तेवढं लक्षात ठेव, सपाट कोळसा कुठं बघितलास का कधी.

खऱ्या रेकला ५८ वाघिणी असतात, आपल्याला आठ-दहात पण मजा येते. आणि शेवटी ब्रेकव्हॅन हवाच, बाहेर उभा गार्ड सकट. (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणायचं, २०२२ पासून नाव बदललंय, पण आमच्याकडे अजून गार्डसाहेबच.)

इंजिनाचं मात्र थोडं खोटं करावं लागतं. मालगाडीचं डब्ल्यूएजी-९ इंजिन आहे २०.५६ मीटर, खऱ्या मापात ५७ स्टड, वळणावर पार बाहेर येतं. मी ३८ स्टडचं केलंय आणि आजपर्यंत एकाही माणसाने ओळखलं नाही, कारण लोक तोंड बघतात, काचा, हेडलाईट, पिवळी पट्टी, पँटोग्राफ. हे चार बरोबर असले की लांबी कोणी मोजत नाही. सहा चाकी बोगीला मोटर दोनच आक्साची (चाकांच्या दांड्यांची) येते, त्यामुळे तिसरं चाक मी नुसतं लटकवलंय, फ्लँज (रुळाला धरणारी कड) नसलेलं, रुळाला टेकत पण नाही धड.


धुळ्याची_ताई:

वळणाचं सगळं झालंय बोलून, मी घसरण्याबद्दल लिहिते कारण ते अजून कोणी घेतलंच नाही.

आधी मोटरवर वजन किती आहे ते बघा. हब डब्यात ठेवलंय का इंजिनात? इंजिनातच ठेवा आणि मोटरच्या बरोब्बर वर. सहा एएए सेलसकट ते वजन चाकांवर बसलं की पकड येते. मोटरच्या चाकांना जे रबरी रिंग असतात ते गुळगुळीत झाले असतील तर पुसून घ्या, ओल्या फडक्याने, नुसती धूळ असते. आणि दुसरी मोटर घालायची असेल तर हबला दोन पोर्ट आहेत, बसते. दोन्ही मोटरी एकाच तोंडाने बसवा नाहीतर एक पुढे ओढते एक मागे आणि तुम्ही हब बिघडलं म्हणून तक्रार करत बसाल.

पण दुसरी मोटर घ्यायच्या आधी डबे तपासा, फुकटचं काम आहे. सरळ ट्रॅकचे चार-पाच तुकडे घ्या, एका टोकाखाली वही नाहीतर दोन वह्या, आणि एकेक डबा वर ठेवून सोडून द्या. जो आपोआप घरंगळत गेला तो चांगला, जो थांबला त्याची चाकं काढा. आमच्या घरी शिलाई मशीन आहे आणि गाद्या कापसाच्या, त्यामुळे आक्साला काय काय गुंडाळलेलं निघतं विचारू नका. दोरा, केस, कापसाचा तंतू, सगळं चाक आणि होल्डरच्या मधल्या फटीत घट्ट बसतं, वरून दिसतच नाही. चाक ओढून काढायचं, सुईने तो वेटोळा उचकायचा, कात्रीच्या टोकाने कापायचा, चिमट्याने ओढायचा, परत लावायचं. मला एका डब्याच्या एका आक्सावर लाल रेशमी दोरा मिळाला होता, तो माझ्या भाचीच्या परकराचा निघाला. तेल अजिबात घालू नका, शिवणयंत्राचं तर नाहीच, प्लास्टिकचं नुकसान होतं आणि आपल्याकडची मे महिन्यातली धूळ त्यावर अशी चिकटते की खाली पिठलं झाल्यासारखं होतं.

आणि हो, चाकांचे आक्स लोखंडी आहेत ना? काही स्वस्त चाकांना आक्स पण प्लास्टिकचा असतो, त्याने दुप्पट ओढ लागते. स्वस्त ट्रॅकचं पण तेच, मी बिननावाचे काही घेतले होते, जोडावर पायरी राहते, चाक टकटक करत जातं, हलका डबा उडतो.

सेल म्हणाल तर रिचार्जेबल निकेलवाले घ्या. एक सेल १.२ व्होल्टचा, सहा मिळून ७.२, अल्कलाईनचे ९ होतात, म्हणून वेग थोडा कमी वाटेल पण रोज फिरवायचं तर तेच परवडतं. १.५ व्होल्टचे लिथियमवाले पण मिळतात, ते शेवटपर्यंत सारखे चालतात आणि मग एकदम बंद, गाडी बोगद्यात असताना नेमके.


पुण्यातला_अमळनेरकर:

सगळे मालगाडी मालगाडी करताय म्हणून थोडं उलटं बोलतो. ज्याला निळी आयसीएफ पाहिजे त्याला कोळशाची वाघीण देऊन समाधान होतं का? मला तर भुसावळ-सुरत पॅसेंजर पाहिजे, त्यात कोळसा भरून मामाच्या गावाला जाता येत नाही.

माझं म्हणणं, ५२ चा डबा ४० स्टडवर आणा, पिव्हट २८ वर. आर४० वर अडीच स्टड आत येईल, ते चालवून घेता येतं, आर१०४ वर तर एकच स्टड. खिडक्या कमी करा पण खिडक्यांमधलं अंतर तेच ठेवा, तेवढ्याने डोळा फसतो. दारं दोन्ही टोकांना राहू द्या, तीच आयसीएफची ओळख आहे.

आर१०४ चा पूर्ण गोल स्लीपरसकट पावणेदोन मीटरच्या आत बसतो, तुमची ६ फुटाची बाजू १८३ सेंटीमीटर, म्हणजे बसेल, पण दोन्ही बाजूला जेमतेम ५ सेंटीमीटर उरतील, घरात कोणी चालायचं नाही. आर७२ घेतलं तर सव्वा मीटरमध्ये होतं. ब्रिकट्रॅक्स, ट्रिक्सब्रिक्स हे दोघंही विकतात. पण बाहेरून मागवताना कस्टमचा विचार करून मागवा, खेळण्यांवरची ड्युटी २०२० साली २० वरून ६० टक्के केली आणि २०२३ ला ७०. नंतरचा दर काय आहे ते ऑर्डर करायच्या दिवशी बघा. मी पार्सल सोडवताना पोस्टमनसमोर जो चेहरा केला होता तो घरच्यांनी बघितला म्हणून बजेट कळलं सगळ्यांना.

बाकी धुळ्याच्या ताईंनी सांगितलेलं ते वहीवालं आधी करा, पैसे नंतर. आम्ही अहिराणीत म्हणतो तसं, बठ्ठं बरोबर शे त्यासनं.


तापीकाठ_जळगाव:

अपडेट देतो. मॅग्नेट बोगीला घेतले, दांडा ३ स्टडचा. वळणावर पडणं जवळजवळ थांबलं, फक्त वेग पूर्ण ठेवला तर शेवटचा डबा अजून उतरतो, कमी वेगाने नाही. पोट घासतंय ते घासतंयच, प्लॅटफॉर्म सरळवर हलवणार आहे. वहीवरून सोडून बघितले, दोन डबे जागचे हलले नाहीत, एकाच्या आक्सात मांजराचे केस. मांजर शेजाऱ्यांचं आहे, आमच्याकडे कधी येतं तेच आम्हाला माहीत नव्हतं.

डबे तोडायला जीव होत नाही. असं ठरवलंय की तीन डबे ४० वर आणतो आणि उरलेल्या ब्रिकमधून, म्हणजे ब्राऊन मागवून, दोन बॉक्सएन करतो. दीपनगरभाऊ, फाईल देणार का तुमच्या वाघिणीची?

आणि काका, एक बालिश प्रश्न. एका बाजूने ट्रॅक उचलून थोडा चढ द्यायचा म्हणतो, घाट दाखवायला. प्रत्येक ट्रॅकखाली एक एक प्लेट वाढवत गेलो तर?


पीवेकाका_भुसावळ:

बालिश नाही, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. लेगोचा सरळ ट्रॅक १६ स्टड म्हणजे १२८ मिलिमीटर, प्लेट ३.२ मिलिमीटर. १२८ भागिले ३.२, म्हणजे १ इन ४०. आपल्या कसारा-इगतपुरीच्या थळ घाटात १ इन ३७ आहे. तिथं गाड्यांना मागून बँकर इंजिन लावतात. तेव्हा तुम्ही एका मोटरवर पाच डबे घेऊन थळ घाट चढायला निघालाय, आणि तोही वळणावर. दोन ट्रॅकमागे एक प्लेट करा, १ इन ८० होतो, आणि चढ सरळवरच ठेवा, कर्व्हमध्ये नको, कर्व्हची स्वतःची ओढ असतेच. किंवा मग मागे एक इंजिन लावा बँकर म्हणून, नातवाला ते फार आवडतं.


पीजे_फॅन_पाचोरा:

मध्येच घुसतो, माफ करा. आमची पाचोरा-जामनेर नॅरोगेज गाडी, पीजे, कोणी बनवलीय का? ती लॉकडाऊनपासून बंद आहे, आता निदान घरात तरी चालू करू म्हणतो.


दीपनगर_बॉक्सएन:

पीजेचा गेज ७६२, लेगोच्या ट्रॅकवर आणलास तर १:२० येतं. मग बाहुली ८० सेंटीमीटरची झाली, म्हणजे डब्यात सगळी बालवाडीच बसेल. लेगोचाच खाणीतल्या गाडीचा अरुंद ट्रॅक येतो, ४ स्टड रुंद, तो बघ, त्याच्यावर ५-६ स्टड रुंद डबा छान दिसेल. मोटर कुठं लपवायची ते मात्र तुझं तू बघ, माझ्या डोक्यात अजून नाही आलं. बहुतेक डब्यात हब ठेवून डब्यानेच इंजिन ढकलावं लागेल.

तापीकाठभाऊ, फाईल रविवारी टाकतो, ब्रेकव्हॅनची पायरी अजून नीट बसत नाहीये. ब्राऊनमध्ये १ बाय १ टाईल भरपूर मागव, एका वाघिणीला दोन्ही बाजू मिळून जास्त लागतात वाटतात त्यापेक्षा, आणि मांजराला गाडीपासून लांब ठेव.